गांजा, औषध आणि बंदी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दीर्घकाळच्या वेदनांवरील उपचारांबद्दल मागच्या लेखात लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं : गांजाच्या झाडातून मिळणाऱ्या काही औषधांना आता अनेक देशांत रीतसर मान्यता आहे आणि बंदीच्या धोरणामुळे ती रुग्णांपर्यंत पोहोचायला काही दशकं उशीर झाला. बाकी सगळा लेख बाजूला राहिला आणि पत्रं आली ती याच वाक्यावर. काहींनी आशेनं विचारलंय, काहींनी रागानं. दोन्ही प्रकारची पत्रं इथे घेतली आहेत, मजकूर थोडा आवरता घेऊन.

प्रश्न : माझ्या आईची केमो चालू आहे. दुसऱ्या सायकलनंतर चार दिवस तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकलं नाही. नात्यातल्या एकांनी सांगितलं की गांजानं उलट्या थांबतात. हे खरं आहे का? डॉक्टरांना विचारायला मी कचरतेय.

उत्तर : कचरू नका. कर्करोगतज्ज्ञांना हा प्रश्न अजिबात नवा नाही आणि त्यावरून तुमच्याबद्दल कोणी वाईट मत करून घेणार नाही. शिवाय चार दिवस पाणी टिकत नसेल तर ते त्यांना पुढच्या सायकलच्या आधी कळायलाच हवं. अशा वेळी चार दिवस घरी थांबायचंही नाही, लगेच फोन करायचा.

आता गांजाचं. त्यातला नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टीएचसी. त्याचीच कारखान्यात बनवलेली प्रत, ड्रोनाबिनॉल, हिला अमेरिकेत १९८५ साली केमोच्या उलट्यांसाठी मान्यता मिळाली. नॅबिलोन हे त्याच्या जवळचं औषधही तेव्हाचंच. दोन्ही कॅप्सूलच्या रूपात मिळतात आणि दोन्हींचा उपयोग होतो. पण त्या काळी उलट्यांवर दुसरी चांगली औषधं जवळजवळ नव्हतीच. पुढे ऑनडान्सेट्रॉन आलं, मग ॲप्रेपिटंट, आणि आता ओलान्झापिनही या कामासाठी वापरतात. ही औषधं नीट जुळवून दिली की बहुतेक रुग्णांच्या उलट्या आटोक्यात येतात. गांजापासूनच्या औषधांचा विचार होतो तो ही सगळी वापरूनही भागलं नाही तर. म्हणून डॉक्टरांना असं विचारा : आईला उलटीसाठी नेमकं काय काय दिलं होतं, त्यात ओलान्झापिन होतं का, आणि पुढच्या वेळी काय बदलता येईल?

एक गोष्ट मात्र करू नका. कोणी आणून दिलेला गांजा आईला ओढायला देऊ नका. वाळलेल्या झाडपाल्यावर ॲस्परजिलस नावाची बुरशी असू शकते. धडधाकट माणसाला ती सहसा काही करत नाही, पण केमोनं पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाच्या फुप्फुसात तिचा संसर्ग जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला ड्रावे सिंड्रोम आहे. तीन औषधं चालू असूनही फिट्स येतात. परदेशातल्या भावानं सीबीडी तेलाची बाटली पाठवली आहे आणि रोज दोनदा पाच-पाच थेंब द्यायला सांगितलंय. द्यावेत का?

उत्तर : तुमच्या भावानं विचार योग्य दिशेनं केला आहे, पण बाटली चुकीची आहे.

सीबीडी हा गांजातलाच दुसरा एक घटक. ड्रावे या लहानपणी सुरू होणाऱ्या फिट्सच्या आजारासाठी त्याचा पुरावा भक्कम आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२० मुलं आणि तरुण होते. काहींना शुद्ध सीबीडी दिलं, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रव. सीबीडी घेणाऱ्यांच्या महिन्यातल्या मोठ्या फिट्सची मध्यक संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. दुसऱ्या गटात ती १४.९ वरून १४.१ झाली, म्हणजे जवळपास जैसे थे. या आणि अशा आणखी काही चाचण्यांच्या आधारावर अमेरिकेत जून २०१८ मध्ये एपिडिओलेक्स या औषधाला ड्रावे आणि लेनॉक्स-गास्टो या फिट्सच्या दोन आजारांसाठी मान्यता मिळाली. सीबीडीनं नशा येत नाही, ती भीती मनातून काढून टाका.

आता बाटली हातात घ्या आणि लेबल बघा. अशा बाटल्यांवर बहुधा १० मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम आणि एका थेंबात साधारण अडीच. दिवसाला दहा थेंब म्हणजे २५ मिलिग्रॅम. मान्यताप्राप्त औषधाचा डोस वजनावर ठरतो : किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमनं सुरुवात करतात आणि मग १० किंवा त्याहून वर नेतात. तुमचा मुलगा २० किलोचा धरला तर दिवसाला २०० मिलिग्रॅम लागतील. भावानं सांगितलेल्या थेंबांतून त्याचा आठवा भाग मिळेल. पुरेसा डोस द्यायचा म्हटलं तर ती बाटली अडीच दिवसांत संपेल.

आणि लेबलवरचा आकडा तरी खरा असेल का? २०१७ मध्येच अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली ८४ सीबीडी उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली गेली. लेबलशी जुळणारं प्रमाण फक्त २६ मध्ये सापडलं. १८ मध्ये टीएचसी निघालं, म्हणजे लहान मुलाला जे नको तेच. मला याचा फार राग येतो, कारण या बाटल्यांचे गिऱ्हाईक बऱ्याचदा तुमच्यासारखेच थकलेले आईबाप असतात.

तिसरी गोष्ट औषधांची. तुम्ही लिहिलेल्या तीनपैकी एक क्लोबाझाम आहे, दुसरं व्हॅलप्रोएट. सीबीडीमुळे क्लोबाझामचा एक घटक रक्तात वाढतो आणि मूल दिवसभर पेंगत राहतं. व्हॅलप्रोएटसोबत दिलं तर यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात, म्हणून आधी आणि नंतर रक्त तपासावं लागतं. बाटली न उघडता न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन जा आणि मान्यताप्राप्त औषध रीतसर कसं मागवता येईल ते विचारा. चालू औषधांपैकी एकही स्वतःहून कमी करू नका.

प्रश्न : गांजाच्या तेलानं कर्करोग बरा होतो, पण औषध कंपन्या हे दाबून ठेवतात, असं वाचलं. तुमचं मत?

उत्तर : होत नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत टीएचसीनं काही कर्कपेशी मरतात. बशीत कर्कपेशी मारणाऱ्या हजारो गोष्टी आहेत, त्यातली माणसाच्या शरीरात उपयोगी पडणारी फारच थोडी निघतात. तेलाच्या भरवशावर शस्त्रक्रिया किंवा केमो पुढे ढकललेले रुग्ण मी पाहिले आहेत. बरा होण्याजोगा आजार हातचा गेला की ती वेळ परत आणता येत नाही.

प्रश्न : हे जर औषध आहे तर जगभर त्यावर बंदी का आली? शास्त्रज्ञांनी काहीतरी पाहिलंच असेल ना?

उत्तर : तसंच वाटतं, आणि मीही विद्यार्थी असताना हेच गृहीत धरलं होतं. कागदपत्रं मात्र वेगळं सांगतात.

विल्यम ओशॉनेसी नावाच्या आयरिश डॉक्टरनं कोलकात्यात गांजाच्या अर्कावर काम केलं. आधी प्राण्यांवर, मग रुग्णांवर. संधिवात, धनुर्वात, पटकी या आजारांवरची निरीक्षणं त्यानं १८३९ मध्ये मांडली. त्याच्या नोंदींत चाळीस दिवसांच्या एका बाळाच्या फिट्सवर हा अर्क वापरल्याची हकिगतही आहे. त्यानंतर युरोप-अमेरिकेत तो दुकानातून मिळणारं औषध बनला. अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीत तो १९४२ पर्यंत होता.

मध्यंतरी, गांजानं हिंदुस्थानातले वेड्यांचे दवाखाने भरले आहेत अशी ओरड ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेली आणि १८९३ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्यानं १,१९३ साक्षीदार तपासले. वेडेपणाच्या आरोपाची छाननी त्यानं कशी केली ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. दवाखान्याच्या वहीत प्रत्येक रुग्णापुढे आजाराच्या कारणाचा रकाना असायचा आणि त्यात 'गांजा' लिहिलेलं असायचं. हे कोणी ठरवलं, याचा माग काढला तर तो पोलिसांच्या कागदापर्यंत जायचा. रुग्णाला आणणाऱ्या शिपायानं आसपास चौकशी करून जे लिहिलं तेच दवाखान्याच्या वहीत उतरायचं आणि मग तीच वही आकडेवारी म्हणून वर पाठवली जायची. आयोगानं मूळ प्रकरणं पुन्हा तपासली तेव्हा त्यातली बरीच टिकली नाहीत. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की माफक वापरानं सहसा मोठा अपाय होत नाही, अतिरेक घातक आहे, आणि पूर्ण बंदीची गरज नाही. परवाने आणि करांनी नियंत्रण ठेवावं.

हा अहवाल पुढे कोणी फारसा उघडलाच नाही. १९२५ मध्ये जिनिव्हात अफू आणि कोकेनवर परिषद भरली होती, तिथे इजिप्तच्या आग्रहावरून गांजाही आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. १९३७ मध्ये अमेरिकेनं जबर कर लावून त्याचा वापर जवळजवळ अशक्य केला. या कायद्यामागे हॅरी अँस्लिंगर हा अमली पदार्थ खात्याचा प्रमुख होता. सुनावणीत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या वतीनं डॉ. विल्यम वुडवर्ड विरोध करायला उभे राहिले. त्यांचे प्रश्न साधे होते. कैद्यांमध्ये व्यसन पसरलंय म्हणता, तर तुरुंग खात्याचा माणूस कुठे आहे? शाळकरी मुलं बिघडली म्हणता, तर मुलांसाठीच्या सरकारी विभागाला का बोलावलं नाही? नंतर सभागृहात कोणी विचारलं की डॉक्टरांच्या संघटनेचं काय मत आहे, तेव्हा उत्तर मिळालं की त्यांचा पूर्ण पाठिंबा आहे. विधेयक मंजूर झालं.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं गांजाला हेरॉइनच्या जोडीला सर्वांत कडक यादीत बसवलं. तिथून रुग्णांच्या दृष्टीनं खरं नुकसान सुरू झालं. पुरावा नाही म्हणून औषध बंद, आणि बंद म्हणून पुरावा गोळा करता येत नाही. अमेरिकेत १९६८ पासून २०२१ पर्यंत संशोधनासाठी अधिकृत गांजा एकाच ठिकाणाहून मिळायचा : मिसिसिपी विद्यापीठाच्या शेतातून.

याच शेतातला गांजा रॉबर्ट रँडल नावाच्या काचबिंदूच्या रुग्णाला सरकार स्वतः पुरवत होतं. घरी रोपं लावली म्हणून वॉशिंग्टनमध्ये त्याला पकडलं होतं आणि १९७६ मध्ये न्यायालयानं वैद्यकीय गरज मान्य करून त्याला सोडलं होतं. पुढे अशा मोजक्या रुग्णांसाठी सरकारी योजनाच सुरू झाली. एड्सच्या रुग्णांचे अर्ज धडाधड येऊ लागले तेव्हा, १९९२ मध्ये, नव्या रुग्णांसाठी ती बंद केली. जुन्यांचा पुरवठा चालू राहिला. एकीकडे डबे भरून गांजा पाठवायचा आणि दुसरीकडे याला वैद्यकीय उपयोग नाही असं कायद्यात लिहून ठेवायचं, हे एकच सरकार वर्षानुवर्षं करत होतं. (काचबिंदूसाठी आज कोणी नेत्रतज्ज्ञ गांजा सुचवत नाही. त्याचा परिणाम तीन-चार तासच टिकतो आणि त्याहून चांगले थेंब उपलब्ध आहेत.)

संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगानं त्या कडक यादीतून गांजा काढला तो २ डिसेंबर २०२० रोजी. बाजूनं २७ मतं, विरोधात २५. भारतानं बाजूनं मत दिलं. मूळ करारातल्या वेगळ्या एका यादीत तो अजूनही आहे, त्यामुळे नियंत्रण उठलेलं नाही. फक्त त्याला वैद्यकीय मोल नाही हा शिक्का पुसला गेला.

प्रश्न : मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. माझा स्पष्ट आरोप आहे की रुग्णांना पुढे करून नशेला मोकळीक मिळवण्याचा हा खेळ आहे. उद्या सगळंच मोकळं करा म्हणाल.

उत्तर : आरोपात तथ्य आहे आणि ते मी झाकणार नाही. कॅलिफोर्नियानं १९९६ मध्ये सार्वमतानं वैद्यकीय वापराला वाट करून दिली, त्यानंतर तिथे पाच मिनिटांत शिफारसपत्र हातावर ठेवणारे डॉक्टर निघाले. आज या व्यापारात मोठा पैसा आहे आणि 'वैद्यकीय' हा शब्द जाहिरातीसाठी वाट्टेल तसा वापरला जातो. पण त्या सार्वमतामागे काय होतं तेही बघा. मेरी जेन रॅथबन नावाची एक वयस्क बाई सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात एड्सच्या वॉर्डात स्वयंसेवक होती. अन्नाचा घास न जाणाऱ्या तरुण मुलांना ती गांजा घातलेल्या ब्राउनी करून द्यायची. तिला तीनदा अटक झाली. कायदा बदलला तो तिच्यासारख्यांमुळे, आणि व्यापारी आले ते नंतर.

माझा बंदीवरचा आक्षेप मात्र गांजापुरता नाही. मी वेदनाशमनाचं काम करतो, त्यामुळे मला मॉर्फिन दिसतं. भारतात अफूची कायदेशीर शेती होते आणि त्यापासून मॉर्फिन बनतं. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. त्याचा रोख तस्करांवर होता आणि वैद्यकीय वापराला त्यात मुभाही होती. पण रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं तर अनेक परवाने लागू लागले, वेगवेगळ्या खात्यांचे. एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. वर एखाद्या कारकुनी चुकीसाठी डॉक्टरला दहा वर्षं तुरुंगाची भीती. रुग्णालयांनी सोपा मार्ग घेतला आणि मॉर्फिन ठेवणंच सोडलं. १९९७ पर्यंत देशातला मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. त्या वर्षांत शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या किती माणसांनी तळमळत प्राण सोडले याची मोजदाद कोणी ठेवली नाही. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं पाठपुरावा करत राहिले, तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. तुमच्या खात्यानं पकडलेल्या एकाही तस्कराला त्या रिकाम्या कपाटांची झळ लागली नसेल.

तर, सगळं मोकळं करा असं मी म्हणतो का? नाही. विक्रीला मोकळीक आणि वापरणाऱ्याला तुरुंग न होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पोर्तुगालनं जुलै २००१ पासून दहा दिवसांच्या वापरापुरता साठा जवळ असणं हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. असा माणूस आता एका छोट्या समितीपुढे जातो. तिच्यात कायद्याचे, आरोग्याचे आणि समाजसेवेचे लोक असतात. विकणाऱ्याला तिथे आजही शिक्षा होते. सुईनं नशा करणाऱ्यांमधले एचआयव्हीचे नवे रुग्ण त्यानंतर झपाट्यानं कमी झाले. मात्र त्याच वेळी त्यांनी व्यसनमुक्तीच्या सोयी खूप वाढवल्या होत्या. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यानं २०२० मध्ये सार्वमतानं शिक्षा काढली, उपचारांची व्यवस्था मागून रखडत आली, रस्त्यावर उघड नशा दिसू लागली आणि २०२४ मध्ये विधिमंडळानं शिक्षा परत आणली. शिक्षा काढण्याआधी उपचाराची खाट तयार हवी, हे तुमच्या बाजूचे आणि माझ्या बाजूचे दोघेही मान्य करतील असं मला वाटतं.

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा गांजा ओढतो. मी बोलले की म्हणतो, "आई, हे औषध आहे, अमेरिकेत डॉक्टर देतात." काय उत्तर देऊ?

उत्तर : सांगा की डॉक्टर देतात ते मोजून, ठराविक आजाराला, आणि सतरा वर्षांच्या निरोगी मुलाला देत नाहीत.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१७ मध्ये तोवरचा सगळा पुरावा एकत्र मांडला. प्रौढांच्या जुनाट वेदना, केमोच्या उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा यांत उपयोगाचा चांगला पुरावा सापडला. त्याच अहवालात हेही आहे की गांजाचा वापर आणि स्किझोफ्रेनियासारखे आजार यांचा संबंध ठळक आहे, आणि जितका वापर जास्त तितका धोका जास्त. मेंदूची जडणघडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. कुटुंबात कोणाला असा मानसिक आजार झाला असेल तर मुलाला ते स्पष्ट सांगा, लपवू नका. शिवाय आजचा माल पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत पकडलेल्या गांजात टीएचसीचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, २०१४ मध्ये सुमारे १२.

पण एक प्रश्न त्याला शांतपणे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका : तो का ओढतो? झोप येत नाही म्हणून, भीती वाटते म्हणून, की मित्रांत बसायचं म्हणून? पहिल्या दोन्हींवर उपचार आहेत. तो एकटा राहू लागला, कोणीतरी पाळत ठेवतंय असं म्हणू लागला, किंवा वारंवार उलट्या होऊन गरम पाण्याच्या अंघोळीनंच बरं वाटू लागलं (हा नेहमीच्या गांजानं होणारा त्रास आहे), तर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. आणि धडा शिकवायला म्हणून पोलिसांच्या हवाली करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. नोंद झालेला गुन्हा व्यसनापेक्षा जास्त काळ मागे लागतो.

प्रश्न : मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. परदेशात राहते, तिथल्या डॉक्टरांनी पायांच्या ताठरपणासाठी सॅटिव्हेक्स स्प्रे सुरू केला आहे. किती दिवस घेऊन बघू? गाडी चालवू शकते का? आणि सुट्टीत प्रवासाला सोबत नेला तर चालेल?

उत्तर : चार आठवडे. (सॅटिव्हेक्स म्हणजे टीएचसी आणि सीबीडी दोन्ही असलेला, तोंडात मारायचा फवारा.) रोज रात्री ताठरपणाला शून्य ते दहापैकी आकडा द्या आणि वहीत लिहा. चार आठवड्यांत निदान वीस टक्के फरक पडला नाही तर हे औषध तुमच्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये हाच निकष लावतात. सुरुवातीला चक्कर येते, म्हणून फवारे हळूहळू वाढवा आणि उठताना आधार घ्या.

डोस स्थिर होईपर्यंत गाडी चालवू नका. नंतरही गुंगी वाटली त्या दिवशी नको. स्प्रेच्या सोबतीला दारू तर अजिबात नको.

प्रवासाचं मात्र हलक्यानं घेऊ नका. जून २०१८ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका आईनं कॅनडाहून मुलाच्या फिट्ससाठी आणलेलं तेल जप्त झालं. तिनं ते लपवलं नव्हतं, स्वतः दाखवलं होतं. काही दिवसांत मुलाला रुग्णालयात दाखल करावं लागलं, सरकारला खास परवानगीनं औषध परत द्यावं लागलं आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ब्रिटननं नियम बदलून तज्ज्ञ डॉक्टरांना अशी औषधं लिहून देण्याची मुभा दिली. सगळे देश असे वागत नाहीत. काही ठिकाणी प्रिस्क्रिप्शन असूनही अटक होऊ शकते, आणि हे विमान बदलण्यापुरतं थांबलात त्या देशालाही लागू पडतं. म्हणून वाटेतल्या प्रत्येक देशाच्या दूतावासाला आधी ईमेल करून लेखी उत्तर घ्या. डॉक्टरांचं पत्र औषधाचं शास्त्रीय नाव आणि रोजचे फवारे लिहून घ्या, आणि स्प्रे मूळ खोक्यातच ठेवा. एखाद्या देशानं नकार दिला तर तेवढ्या दिवसांसाठी बॅक्लोफेनसारखा दुसरा काही पर्याय चालेल का, हे निघण्याच्या महिनाभर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.